ठपका एकट्या आईवरच का?

महोदय,
मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या सूक्ष्म घटकांच्या, आजारांवरील लेख वाचला. ‘हे आजार फक्त आईकडून येतात’ हे त्यातले विधान मात्र अर्धेच खरे आहे. श्वसनसाखळीतले, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात ऊर्जा तयार करणाऱ्या एन्झाइमांच्या साखळीतले, पहिलेच एन्झाइम, कॉम्प्लेक्स-१, घ्या. माणसात ते सुमारे ४५ प्रथिन-उपघटकांचे बनते. त्यांपैकी जेमतेम ७ उपघटकांची जनुके मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे आईकडून येणाऱ्या डीएनएमध्ये असतात. बाकीची सगळी पेशीकेंद्रकात, आणि तिथे वडिलांचाही वाटा असतो. साखळीतल्या पुढच्या एन्झाइमाचे, कॉम्प्लेक्स-२चे, तर चारही उपघटक केंद्रकाच्याच खात्यावर! त्यामुळे निरोगी आई-वडिलांच्या मुलालाही, दोघांकडून अशा एखाद्या जनुकाची एकेक सदोष प्रत मिळाल्यास, असा आजार होऊ शकतो. आजारी मुलाच्या आईला आधीच काय कमी ऐकावे लागते? कृपया दुरुस्ती छापावी.
– एक वाचक