मे महिन्याचं विसाव्याचं वेळापत्रक आखून देणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

प्रभूच्या नावात सलाम.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात लग्नं लावत नाहीत, म्हणून ईस्टर झाला की सगळी एकदम येतात. त्यातच व्हीबीएस (मुलांची सुट्टीतली बायबल शाळा), शाळांच्या सुट्ट्या, मुंबई-पुण्याहून आलेले पाहुणे आणि नगरकडचं ऊन. अशा महिन्यासाठी आपण आपल्या चर्चच्या मंडळीला विसाव्याच्या वेळापत्रकाचा जो कागद करून दिलात, त्याचे आभार सगळ्यांसमोर मानावेत, म्हणून हे उघडं पत्र.

कागदाच्या माथ्यावर आपण बायबलमधलं मत्तय ११:२८, म्हणजे ‘माझ्याकडे या, मी तुम्हाला विसावा देईन’ हे वचन घालाल असं वाटलं होतं. आपण निवडलंत निर्गम ३४:२१. सातव्या दिवशी विसावा घे, नांगरणीच्या आणि कापणीच्या हंगामातही घे, अशी ती आज्ञा. शेतकऱ्याला एक दिवसही मोडवत नाही, नेमके तेच दिवस नियमशास्त्राने नाव घेऊन सांगितले आहेत. ‘एवढी गडबड संपू दे, मग बसू’ म्हणायला जागाच उरत नाही.

विसावा शनिवारी सूर्यास्तापासून धरायचा, ही आपली सूचना सर्वांत उपयोगी पडली. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात आधी संध्याकाळ होते, मग सकाळ. म्हणजे दिवसाची सुरुवातच झोपेने. रविवारी सकाळी उठून विसावा सुरू करू म्हटलं, तर इस्त्री, डबे, पाण्याचा टँकर आणि उपासनेची घाई यांतच दुपार होते. म्हणून कपडे, वर्गणीचं पाकीट, शास्त्रपाठाच्या खुणा शनिवारी सहाच्या आत. हळदीला जायचंच असेल तर नऊला घरी. लग्नाचा विधी आणि रिसेप्शन यांपैकी एकच गाठायचं, आणि शक्यतो विधी. आशीर्वाद तिथे असतो, रिसेप्शनला नुसती रांग.

चौथी आज्ञा दास, दासी, गुरं आणि परका यांनाही त्या दिवशी मोकळं करते. आपल्याकडे मात्र रविवार म्हणजे मटण, आणि मटण म्हणजे घरातल्या बाईचे तीन तास चुलीपाशी. पुरुषमंडळी विसावतात ती तिच्या जिवावर. आपण हे कागदावर स्पष्ट लिहिलंत, त्यावर कुरकुरही झाली. ती व्हायलाच हवी होती. मटण बुधवारी करा म्हणालात. रविवारसाठी दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, कांदा, काकडी आणि ताजं दही. दशम्या पाण्याऐवजी दुधात भिजवून, चांगल्या खरपूस भाजून, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरायच्या; गरम भरल्या की वाफ धरते आणि बुरशी येते. शनिवारचा भात बाहेर ठेवायचा नाही. रानात देवाने इस्राएलांना दिलेलं अन्न, मान्ना, सहाव्या दिवशी दुप्पट गोळा केलं तरी टिकलं; मे महिन्यातला भात टिकत नाही. आणि घरकामाच्या बाईंना रविवारची सुट्टी, पगार न कापता.

व्हीबीएसही आपण हलकं केलंत. पाच दिवस, आठ ते अकरा, प्रत्येक वर्गाला दोन शिक्षक. एकाने शिकवायचं, दुसऱ्याने हजेरी आणि पाणी पाहायचं, तिसऱ्या दिवशी अदलाबदल. समारोप शनिवारऐवजी शुक्रवारी ठेवलात, कारण मांडव आणि स्पीकर परत करता करता रात्र होते आणि दुसऱ्या दिवशी शिक्षक उपदेशात पेंगतात. पाळकसाहेबांनी रविवार दुपारच्या कमिटीच्या सभाही बंद केल्या, त्यांनाही धन्यवाद.

थकलेल्यांसाठी आपण १ राजे १९ चा क्रम लावलात. थकलेला संदेष्टा एलीया मरण मागतो, आणि देव त्याला ना उपदेश करतो ना जाब विचारतो. तो झोपतो. देवदूत उठवून निखाऱ्यांवरची भाकर आणि पाणी देतो. तो पुन्हा झोपतो, पुन्हा खातो. ‘तू येथे काय करतोस?’ हा देवाचा प्रश्न थेट होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांनी. म्हणून आधी दुपारची झोप आणि पोटभर पाणी, प्रार्थना नंतर. हा क्रम उलटा केला की डोळे मिटताच डुलकी लागते आणि वर अपराधी वाटतं. संध्याकाळी वीस मिनिटं: पाच मिनिटं नुसतं बसायचं, एक स्तोत्र सावकाश दोनदा वाचायचं, मग मौन, शेवटी प्रभूची प्रार्थना. सुरुवातीला स्तोत्र १३१, तीनच वचनं. मोबाईल दुसऱ्या खोलीत. तो हातात घेऊन आडवं पडलं की अंग विसावतं, डोकं नाही. आणि मे महिन्यात संडेस्कूलचा राजीनामा कोणी द्यायचा नाही, ही तळटीप तर फारच आवडली.

नर्स, वॉचमन, हॉटेलात काम करणारे यांना रविवार मिळत नाही. त्यांनी ड्युटी सुटल्यापासून सलग चोवीस तास धरावेत, तेही जमत नसेल तर एक संध्याकाळ. शब्बाथावरून, म्हणजे विसाव्याच्या दिवसावरून, कोणी कोणाला दोष लावू नये, हे कलस्सै २:१६ आपण त्याच ओळीत घातलंत. बेत मोडला तर काय, त्यासाठी मार्क ६. प्रभू शिष्यांना एकांती नेतो, लोक पायी धावत आधीच पोहोचलेले असतात. त्याला त्यांचा कळवळा येतो, तो शिकवतो, जेवू घालतो. पण संध्याकाळी लोकांना निरोप देऊन डोंगरावर जातोच. पाहुणे अचानक आले तर दुपार त्यांची, संध्याकाळची वीस मिनिटं मात्र सोडायची नाहीत.

जूनमध्ये शाळा सुरू होताना वह्या-पुस्तकांना कव्हरं घालण्याचं काम नेमकं रविवारवर येतं. त्यासाठी आदल्या आठवड्यातला एखादा दिवस नव्या कागदात घालावा, एवढी विनंती.

आपले,
संडेस्कूलचे शिक्षक आणि महिला मंडळ