हवा आणि हवामान यांची गल्लत

महोदय,

डिसेंबरात दोन दिवस आभाळ येऊन थंडी ओसरली, की वृत्तपत्रांत ‘हवामान बदलाचा फटका’ असा मथळा झळकतो आणि खालच्या मजकुरात मात्र केवळ कमी दाबाच्या पट्ट्याची माहिती असते. इंग्रजीत ‘वेदर’ आणि ‘क्लायमेट’ हे दोन वेगळे शब्द आहेत. आपण दोन्हींसाठी ‘हवामान’ वापरतो, त्यातून ही गल्लत होते.

‘वेदर’ म्हणजे एखाद्या ठिकाणची त्या दिवसाची, फार तर त्या आठवड्याची स्थिती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, ते वेदर. मुंबईत मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनला पोहोचतो, हे विधान क्लायमेटचे. कारण त्यामागे अनेक दशकांच्या नोंदी असतात, आणि जागतिक हवामान संघटनेच्या संकेतानुसार अशा सरासरीसाठी ३० वर्षांचा काळ धरला जातो. ‘क्लायमेट’च्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘उतार’ असा आहे, कारण सूर्यकिरणांच्या तिरकेपणावरून पृथ्वीचे पट्टे पाडले जात. गुंतवणुकीला पोषक वातावरण असेल, तर इंग्रजीत तेथेही ‘क्लायमेट’च म्हणतात, ‘वेदर’ नव्हे.

हा केवळ शब्दांचा कीस नाही. आमच्या नाशिककडील द्राक्ष बागायतदाराला आभाळ आले की डावणी या बुरशीजन्य रोगाच्या भीतीने आजच फवारणी घ्यावी का, हे वेदरवरून ठरवावे लागते. छाटणीचा हंगामच पुढे न्यावा का, बागेवर प्लास्टिकचे आच्छादन घालण्याचा मोठा खर्च करावा का, हे प्रश्न क्लायमेटचे आहेत. दोन्ही गोष्टी एकाच शब्दात सांगितल्या, की एखादा हिवाळा कडक पडताच ‘कुठे गेला तुमचा हवामान बदल?’ असे लोक विचारतात, आणि मी हे पारावर स्वतः ऐकले आहे.

नवे शब्द घडवण्याची गरज नाही, ‘वेदर’ला ‘हवा’ आणि ‘क्लायमेट’ला ‘हवामान’ म्हणावे. सहावीच्या भूगोलात ‘हवा व हवामान’ असा धडाच आहे आणि तेथे मुलांना हा फरक शिकवला जातो. ‘हवा’ म्हणजे श्वासातली हवाही, हा आक्षेप मला मान्य आहे. पण ‘हवा पालटली’ म्हटल्यावर कोणाचाही घोटाळा होत नाही. आपल्या दैनिकातील रोजच्या अंदाजाच्या चौकटीला ‘आजची हवा’ असे नाव द्यावे आणि ‘हवामान बदल’ हा शब्द दशकांच्या बदलासाठीच राखून ठेवावा, अशी विनंती आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, नाशिक