अकरा जण

रविवार, 30 नोव्हेंबर 2025
रात्रीचे साडेनऊ

प्रिय गड्या,
सप्रेम सलाम.

तुझं पत्र येऊन महिना झाला, उत्तराला आज बसतोय. हिची आवराआवर झाली, कुत्रीही गप आहेत.

आज आगमनकाळाचा पहिला रविवार, नाताळाची तयारी सुरू. भक्तीला किती आले असतील? अकरा. त्यात आम्ही दोघं धरून. वेचणी जोरात आहे. शनिवारी एका म्हातारीला म्हटलं, "बाई, उद्या या बरं." ती म्हणाली, "पाळकसायेब, कापूस फुटला त तो रविवार पायते का?" यावर सेमिनरीत आपल्याला काही शिकवलं होतं का रे? मला तर आठवत नाही.

मेणबत्तीची फजिती ऐक. आजच्या रविवारी लावायची जांभळी वणीला मिळाली नाही, म्हणून पांढरीलाच जांभळा पतंगी कागद गुंडाळला. शास्त्रपाठ यशयाच्या दुसऱ्या अध्यायाचा. तलवारींचे फाळ होतात तिथं मी पोचलो आणि इकडे कागदानं पेट घेतला! आमचे एक वडीलजन धावले, फुंकर मारली, कागदाबरोबर ज्योतही गेली. पोरं तोंडावर हात धरून खिदळत होती. नंतर तेच वडीलजन म्हणतात, "फाळाचं बराबर हाय, पण आता बैल कोन ठेवते?"

संध्याकाळी कापूस मोजतात त्या शेतावर गेलो. ओट्या सोडून बाया काट्यापाशी बसल्या होत्या. म्हातारीनं हात पुढं केला. बोंडाच्या वाळल्या टोकांनी नखांभोवतीची कातडी पार सोललेली. "प्रार्थना करा, पण लवकर, सैपाक हाय." दोन मिनिटांत आटोपली. सकाळच्या उपदेशापेक्षा ती बरी झाली, हे तुलाच सांगतो.

लेकीचा होस्टेलवरून व्हिडिओ कॉल आला. नाइट ड्युटी होती, अर्धा वेळ जांभयाच. नाताळात सुट्टी मिळेल की नाही, नक्की नाही. ही काही बोलली नाही, पण करंजीचं सारण यंदा कमीच करू म्हणाली.

मग बाबांना फोन. ते अमरावतीला दादाकडेच असतात. चौऱ्याऐंशी झाले, कान गेले, त्यामुळे फोन म्हणजे आरडाओरडाच. काल 29 नोव्हेंबर होता ना! 1970 साली त्या दिवशी नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन आपली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, सीएनआय झाली, तेव्हा बाबा तिथं होते. पण दरवर्षी सांगतात काय, तर "त्या गर्दीत माझी नवी चप्पल गेली." पंचावन्न वर्षं झाली, चप्पल काही सुटत नाही.

मग नेहमीचा प्रश्न. "किती होते?"
"अकरा."
"अकराच?"

तुला ठाऊक आहे, या प्रश्नाला मी पंचवीस वर्षं घाबरत आलोय. वेचणीचं सांगितलं. लगेच म्हणाले, "भाव काय?" हमीभाव लांब धाग्याला 8110 आहे, पण व्यापारी तेवढे देत नाही म्हटलं. त्यावर बराच वेळ बोलले. मेणबत्तीचं ऐकून खोकला येईपर्यंत हसले.

सलाम करून त्यांनी फोन ठेवला, पण बंद करायचं राहिलं. मी कापणार, तेवढ्यात वहिनींना मोठ्यानं सांगताना ऐकू आले, "अकरा होते म्हणे! वेचणीत! माझ्या वेळी पाचावर कधी गेले नाहीत."

ही विचारते, फोन कानाला धरून नुसता काय बसलास.

तुझाच