सूचना : पावसाळ्यात ग्लोव्हबॉक्सची नोंद रोज ठेवा

सर्व सदस्यांना नमस्कार,

गोदेचा पूर आपण नाशिककर नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले यावरून जोखतो, तसाच प्रयोगशाळेतला ओलावा रोज मीटरवरून जोखायचा आहे. ग्लोव्हबॉक्समधले (हातमोजे जोडलेल्या, नायट्रोजनने भरलेल्या बंद पेटीतले) ऑक्सिजन आणि पाण्याच्या वाफेचे प्रमाण १ पीपीएमच्या (दहा लाखांत एका भागाच्या) खाली असायलाच हवे. सकाळी जो पहिला येईल त्याने दोन्ही आकडे वहीत लिहावेत. आकडा चढलेला दिसला तर सौर सेलची फिल्म (पातळ थर) बनवायला घेऊ नका, आधी मला सांगा.

पेडॉट-पीएसएस, म्हणजे सेलमधला वीजवाहक पॉलिमरचा थर, हवेतला ओलावा फार चटकन शोषतो. त्यात तो आम्लधर्मी, त्यामुळे ओलाव्यासोबत खालचा आयटीओचा (काचेवरच्या पारदर्शक, वीजवाहक ऑक्साइडचा) थरही झिजतो. सेलची कार्यक्षमता घसरते आणि आपण मात्र दोष प्रकाश शोषणाऱ्या पॉलिमरला देत बसतो. म्हणून थर दिल्यावर काच हॉटप्लेटवर नीट तापवा आणि लगेच ग्लोव्हबॉक्समध्ये घ्या.

क्लोरोबेंझिन (पॉलिमर विरघळवायचा द्रावक) फक्त फ्यूमहूडमध्येच (वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटातच) उघडा. उरलेले बेसिनमध्ये मुळीच ओतू नका, हॅलोजनयुक्त (क्लोरीनसारखी मूलद्रव्ये असलेल्या) कचऱ्याच्या बाटलीतच टाका.

नव्याने आलेल्या मुलामुलींनी काही अडले तर निःसंकोच विचारावे. वीज गेली तर ग्लोव्हबॉक्समधल्या नायट्रोजनचा दाब आधी बघा, बाकी सगळे नंतर.