प्रोस्टचा शांतपणा प्रतिभेत का धरत नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पुरवणीत फॉर्म्युला वन मोटारशर्यतींमधल्या गाजलेल्या प्रतिस्पर्ध्यांवर लेखमाला सुरू आहे. तिच्यातला सेन्ना आणि प्रोस्ट यांच्यावरचा लेख वाचला. लेखाच्या शेवटी चौकटीत दोघांना गुण दिले आहेत. प्रतिभेत आयर्टन सेन्नाला दहापैकी दहा, अलाँ प्रोस्टला आठ; स्वभावात बरोबर उलटे. बेरीज सारखी, म्हणजे कोणाचेच चाहते रागवायला नकोत. गुण कोणाला किती दिले यावर मी भांडत नाही, पण हे दोन रकाने वेगळे पाडले कसे ते मला उमगलेले नाही.

१९८८ चा मोसम घ्या. दोघे मॅक्लारेन या एकाच संघात, गाडी एकच, होंडाचे इंजिनही तेच. दोन ड्रायव्हरांना शेजारी उभे करून पाहायला याहून चांगली संधी क्वचितच मिळते, कारण या खेळात एरवी निम्मी तुलना गाड्यांचीच होते. त्या वर्षी सोळापैकी पंधरा शर्यती मॅक्लारेनने जिंकल्या. आठ सेन्नाने, सात प्रोस्टने. पोल पोझिशन (पात्रता फेरीत सर्वांत वेगवान ठरून मिळणारी सुरुवातीची पहिली जागा) मात्र सेन्नाच्या तेरा आणि प्रोस्टच्या दोन. हा आकडा लेखकाने ठळक छापला आणि प्रतिभेचा निकाल तिथेच लावून टाकला. त्याच मोसमातला दुसरा आकडा लेखात शोधून सापडत नाही. प्रोस्टने चौदा शर्यती पूर्ण केल्या आणि चौदाही वेळा तो पहिला किंवा दुसरा आला. वर्षभराचे एकूण गुण प्रोस्टचे १०५, सेन्नाचे ९४. त्या काळी सर्वोत्तम अकरा निकालच धरत, त्यामुळे हिशेब ९० विरुद्ध ८७ असा झाला आणि विजेतेपद सेन्नाकडे गेले. नियम दोघांना आधीपासून ठाऊक होता, तेव्हा विजेतेपद सेन्नाचेच, त्यात वाद नाही. पण मोनाकोत पात्रता फेरीत सेन्नापेक्षा जवळपास दीड सेकंदाने मागे पडलेला प्रोस्ट मोसमाच्या हिशेबात त्याच्या खांद्याला खांदा लावून येतो, तेव्हा शर्यतीच्या त्या दीड-दोन तासांत तो नेमके काय करत होता, हे लेखकाने विचारायला हवे होते.

तो इंधन वाचवत होता, टायर जपत होता. १९८८ मध्ये टर्बो गाड्यांना (ज्यांच्या इंजिनात हवा दाबाने भरून ताकद वाढवतात) संपूर्ण शर्यतीसाठी १५० लिटर इंधनाची मर्यादा होती. प्रोस्ट ब्रेक लवकर आणि हलका लावायचा, स्टीअरिंग कमीत कमी फिरवायचा, गाडीची शेपूट सुटू द्यायचा नाही. सरावात तो गाडीची जुळवणी शर्यतीच्या अंगाने करायचा, पोल गेली तरी चालेल. बाहेरून पाहणाऱ्याला तो निवांत फिरायला निघाल्यासारखा दिसे आणि घड्याळ वेगळेच सांगे. १९८६ मध्ये विल्यम्स या प्रतिस्पर्धी संघाच्या गाड्या त्याच्या गाडीपेक्षा वेगवान होत्या. ॲडलेडच्या शेवटच्या शर्यतीत विल्यम्सच्या मॅन्सेलचा टायर फुटला, त्याचा सहकारी पिके याला खबरदारी म्हणून टायर बदलायला आत बोलावले गेले आणि प्रोस्ट शर्यत जिंकून जगज्जेता झाला. यात नशीब होतेच. त्याच शर्यतीत आधी त्याचाही टायर पंक्चर झाला होता, म्हणून शेवटी त्याच्याकडे नवे टायर होते. पण शेवटच्या शर्यतीपर्यंत दोन विल्यम्सच्या जोडीला झुंजवत ठेवणे हे नशिबाचे काम नाही. हे सगळे हाताचे आणि पायाचे कसब आहे. लेखकाने ते ‘शांत स्वभाव’ म्हणून दुसऱ्या रकान्यात ढकलले.

सेन्नाच्या बाबतीत उलटा अन्याय झाला आहे. तो उपजत, उत्स्फूर्त, अंगात आल्यासारखा चालवणारा, असे लेख सांगतो. लहानपणी कार्टिंगमध्ये (छोट्या गाड्यांच्या शर्यतींत) पावसात मागे पडल्यावर हाच सेन्ना पाऊस आला की गाडी बाहेर काढून सराव करत असे. होंडाच्या अभियंत्यांबरोबर तो तासन्‌तास आकडे चाळत बसे. वळणावर तो अॅक्सिलरेटरला भराभर टोले देई, त्यामुळे टर्बो फिरता राही आणि वळणाबाहेर पडताना ताकद आधी मिळे. इतक्या घोटून बसवलेल्या तंत्राला उपजत देणगी म्हणणे ही त्याच्या मेहनतीची थट्टा आहे.

आणि शांत म्हणून ज्याला दहा गुण मिळाले, त्या प्रोस्टने १९९१ मध्ये फेरारीच्या गाडीची तुलना उघडपणे ट्रकशी केली आणि मोसम संपायच्या आत नोकरी घालवली. पुढे विल्यम्सशी करार करताना सेन्ना सहकारी म्हणून नको, ही अट त्याने घालून घेतली. हे शांत माणसाचे लक्षण असेल तर तापट माणूस कसा असतो, हे लेखकाने सांगावे.

पावसाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ‘प्रोस्ट पावसाला भ्यायचा’ हे वाक्य लेखात दोनदा आले आहे. १९८२ मध्ये जर्मनीतल्या हॉकेनहाइमला पावसातल्या सरावात दिदिए पिरोनी या ड्रायव्हरला तुषारांच्या पडद्याआड काही दिसले नाही आणि तो मागून थेट प्रोस्टच्या गाडीवर आदळला. पिरोनीचे पाय मोडले. तो पुन्हा कधीही फॉर्म्युला वनची शर्यत धावला नाही. त्यानंतर पुढचे दिसत नसताना गाडी चालवायला प्रोस्ट तयार नसे. १९८९ मध्ये ॲडलेडला तो एका फेरीनंतर गाडी लावून मोकळा झाला. त्याच शर्यतीत आघाडीवर असलेला सेन्ना तुषारांत न दिसलेल्या मार्टिन ब्रंडलच्या गाडीवर मागून जाऊन धडकला. त्या दिवशी धोका कोणाला बरोबर कळला होता?

१९८४ ची मोनाकोची शर्यत मात्र प्रोस्टच्या सावधपणावर उलटली. पाऊस कोसळत होता, प्रोस्ट आघाडीवर होता, तेराव्या जागेवरून निघालेला नवखा सेन्ना साध्या टोलमन गाडीतून त्याला गाठत आला होता. (त्याच्या मागून त्याच्याहीपेक्षा वेगाने श्टेफान बेलोफ येत होता. पुढच्याच वर्षी तो स्पाला अपघातात गेला, म्हणून अशा चौकटींत त्याचे नाव येत नाही.) प्रोस्ट शर्यत थांबवा म्हणून हात हलवत होता. शर्यत थांबली, तो जिंकला, पण तीन-चतुर्थांश अंतरही झाले नसल्याने विजयाचे नऊऐवजी साडेचार गुण मिळाले. शर्यत पूर्ण होऊन तो दुसरा आला असता तरी सहा मिळाले असते. त्या वर्षीचे विजेतेपद त्याने मॅक्लारेनमधल्याच निकी लाउडाकडे अर्ध्या गुणाने गमावले.

आणि हा लाउडा कोण? १९७६ मध्ये न्युरबुर्गरिंगच्या शर्यतीत जळत्या गाडीतून बाहेर काढल्यावर सहा आठवड्यांत, जखमा ओल्या असताना, माँझाला धावून चौथा आलेला. तोच माणूस त्याच वर्षाच्या अखेरीस जपानमधल्या फुजीच्या पावसात दोन फेऱ्यांनंतर गाडीतून उतरला आणि जेम्स हंटला एका गुणाने विजेतेपद देऊन बसला. त्याला भित्रा कोणत्या तोंडाने म्हणायचे? आपण कितपत जोखीम घ्यायची हे तो स्वतः ठरवत होता, सप्टेंबरमध्येही आणि ऑक्टोबरमध्येही.

जपानमधल्या सुझुकाची सेन्ना-प्रोस्ट टक्कर लेखात ‘सेन्नाच्या संतापाचा स्फोट’ म्हणून आली आहे. १९८९ ची नव्हे, १९९० ची. पोल पोझिशन ट्रॅकच्या मळक्या, कमी पकडीच्या बाजूला ठेवल्याचा राग त्याला होता, हे खरे. पण प्रोस्ट पुढे गेला तर पहिल्या वळणावर आपण माघार घ्यायची नाही, हे त्याने शर्यतीआधीच ठरवले होते आणि पुढच्या वर्षी तसे उघड सांगितले. ताशी अडीचशेच्या आसपास वेगाने दोघांनी बाहेर जायचे, हा बेत रात्री झोपून उठल्यावरही टिकला होता. मला तरी हे संतापापेक्षा जास्त भीतिदायक वाटते.

अगदी अलीकडचे उदाहरण मॅक्स फेरस्टॅपेनचे. २०२५ मध्ये बार्सेलोनाला प्रतिस्पर्धी जॉर्ज रसेलला जागा परत देता देता त्याने गाडी त्याच्यावर घातली. दहा सेकंदांची शिक्षा होऊन तो पाचव्याचा दहावा झाला आणि नऊ गुण गेले. त्या वर्षीचे विजेतेपद मॅक्लारेनच्या लँडो नॉरिसने त्याच्यापेक्षा दोनच गुण जास्त मिळवून जिंकले. लगेच हिशेब मांडला गेला: स्वभाव आवरला असता तर पाचवे विजेतेपद नक्की. पण उन्हाळी सुट्टीनंतरच्या पहिल्याच, झांडफोर्टच्या शर्यतीनंतर तो तेव्हा आघाडीवर असलेल्या ऑस्कर पिआस्त्रीपेक्षा १०४ गुणांनी मागे होता. तिथून दोन गुणांपर्यंत येणारा माणूस आणि बार्सेलोनाला धडकणारा माणूस एकच आहे. बार्सेलोनाचा फेरस्टॅपेन वजा करून झांडफोर्टनंतरचा तेवढा शिल्लक ठेवता येत असता, तर संघांनी ते कधीच केले असते.

पुढच्या भागात हॅमिल्टन आणि फेरस्टॅपेन यांची तुलना येणार असे आपण जाहीर केले आहे. एक विनंती. २०२१ च्या अबू धाबीतली शेवटची फेरी दोघांपैकी कोणाच्याही स्वभावाच्या नावे लिहू नये. सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांना संथ धावायला लावणारी पुढची गाडी) कधी आत घ्यायची आणि मधल्या कोणत्या गाड्यांना पुढे सोडायचे, हे शर्यत संचालकाने ठरवले होते. त्यापेक्षा त्याच वर्षीची ब्राझीलमधल्या इंटरलागोसची शर्यत घ्यावी. हॅमिल्टन पात्रता फेरीतून बाद होऊन स्प्रिंटला (मुख्य शर्यतीआधीच्या छोट्या शर्यतीला) शेवटून निघाला, पाचवा आला, इंजिन बदलाच्या शिक्षेमुळे मुख्य शर्यतीत दहावा उभा राहिला आणि जिंकला. मध्ये चौथ्या वळणावर फेरस्टॅपेनने त्याला अडवताना दोन्ही गाड्या ट्रॅकबाहेर नेल्या. एवढ्या एका शर्यतीवर संपूर्ण लेख होईल. जागा कमी पडली तर चौकट वगळावी.

आपला,
एक नियमित वाचक