मंगेशसुद्धा कुठ्ठाळीहून आला

प्रियोळ, फोंडा

चि. समीर,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "आई, परत आलो तर लोक म्हणतील, पुण्यात टिकला नाही." बाबा शेजारीच होते, म्हणून मी विषय बदलला. पण मनातून काही ते जाईना.

अरे, या घरात तुझ्याआधी गाव सोडलं ते मी. बांद्याहून लग्न होऊन इथे आले, तेव्हा टिकतेस का, असं कुणी विचारलंसुद्धा नाही. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे ४५ कोटी स्थलांतरित मोजले, आणि त्यांच्या कारणांत सगळ्यांत मोठं निघालं लग्न. नोकरी त्याच्या बरीच मागे. शहरात जाणाऱ्या मुलग्यांवर एवढं बोललं जातं, आमच्या ट्रंका कुणाला दिसत नाहीत!

आणि मूळ गाव म्हणशील, तर आपला मंगेश तरी कुठे इथला? तो कुठ्ठाळीचा. १५६० च्या सुमारास पोर्तुगिजांच्या धाकाने भक्तांनी त्याला जुवारी नदीपलीकडे इथे आणला. फोंड्यावर तेव्हा त्यांचं राज्य नव्हतं. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली ती त्याच भयाने. उलट ज्या राजधानीच्या, म्हणजे जुन्या गोव्याच्या, भीतीने देव हलले, तीच पुढे ओस पडली. हिवताप आणि पटकीने माणसं मेली, उरलेली निघून गेली. १७५९ मध्ये व्हाइसरॉयनेच पणजीला मुक्काम हलवला, १८४३ मध्ये राजधानीही अधिकृतपणे तिथे गेली. सायबाच्या, सेंट झेवियरच्या, फेस्ताला तिथे जातोस ना? चर्च आहेत, पण शहर कुठे आहे? माड आहेत.

आता तुझ्या आजोबांचं सांगते. मुंबईत धोबीतलावला गोव्यातल्या ख्रिस्ती गावांच्या कुडी होत्या, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून ठेवलेल्या राहायच्या खोल्या; बोटीवर जाणारे तारवटी आपल्याच गावच्या कुडीत उतरायचे. आजोबांची कूड म्हणजे गिरगावातली मावसभावाची खोली, पाच जण आडवे झोपायचे. ओळखीची पथारी असते तिथेच माणूस जातो. गोवा मुक्त झाल्यावर इथल्या कचेऱ्यांत माणसं हवी होती, तेव्हा ते परतले. त्यांना कुणी हरलेला म्हटलं नाही. पण हातात नेमणुकीचा कागद होता, हेही खरं.

म्हणून विचारते, तुला पुणं नकोय की ती नोकरी? इथे सकाळी दहाला काय करशील? कुळागरातल्या सुपारीवर आम्हा दोघांचं भागतं, तिसऱ्याचं ओढूनताणून. शिवाय पुण्यात जिना चढताना पगार कुणी विचारत नाही. इथे देवळाच्या पायरीवर पहिला तोच प्रश्न. ते सुख इथे आलास की आठवेल.

नारळ पाडायला येतो तो पोरगा झारखंडचा. (कोंकणी तुझ्यापेक्षा बरी बोलतो.) घरी कधी जाणार विचारलं, तर म्हणाला, "बहिणीचं लग्न ठरलं की." म्हणजे तीही निघालीच.

चवथीला ये. यंदा बाबांना शिडीवर चढू देणार नाहीये, गणपतीवरची फळापानांची माटोळी तुलाच बांधायची आहे. जेवणं झाली की बसून बोलू, बाबांसमोरच.

तुझी,
आई