हेडलाइटला भोक पाडू नका

महोदय,

गाड्यांच्या वायरिंगची आणि दिव्यांची दुरुस्ती हा माझा व्यवसाय. आत पाणी धरते म्हणून हेडलाइटला खालून ड्रिलने भोक पाडलेले किंवा सगळीकडून सिलिकॉन थापलेले दिसले की फार वाईट वाटते. चांगला दिवा त्यामुळे हकनाक वाया जातो.

हेडलाइट मुळात हवाबंद नसतो. दिवा लागला की आतली हवा तापून मागच्या छोट्या व्हेंटमधून, म्हणजे हवेच्या छिद्रातून, बाहेर पडते, विझला की बाहेरची हवा आत ओढली जाते. ती दमट असली तर थंड काचेला आतून वाफ धरते. गाडी धुतल्यावर अशी पातळ वाफ दिसली तर काही करू नये. दिवे लावून गाडी फिरवली की ती जाते. एलईडी दिव्यात काचेकडे उष्णता कमी जाते, म्हणून जरा जास्त वेळ लागतो. व्हेंटवर सिलिकॉन लावले तर आत शिरलेली ओल तिथेच कोंडते.

थेंब ओघळत असतील किंवा तळाशी पाणी साचले असेल तर मात्र ते कुठून तरी शिरते आहे. आधी मागचे रबरी झाकण पाहावे. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. बाहेरून घेतलेल्या एलईडी बल्बचा पंखा मागे आडवा येतो, म्हणून झाकण काढूनच टाकलेले असते. मग चाकाने उडवलेले पाणी सरळ होल्डरवर! झाकण ठीक असेल तर होल्डरचे वॉशर आणि काचेच्या कडेचे बारीक तडे तपासावेत.

वाळवायला दिवा खोलून, बल्ब आणि झाकण काढून कोरड्या जागी ठेवावा. केसांचा ड्रायर मंद ठेवून चालतो, हीटगन नको. ही ‘काच’ पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची असते, जास्त तापली की वाकते. आत फडके घालून रिफ्लेक्टर (प्रकाश पुढे फेकणारा आरशासारखा भाग) तर मुळीच पुसू नये. त्यावरचा चमकदार थर अतिशय पातळ असतो, एकदा ओरखडला की गेलाच.

ओल धरलेल्या दिव्याचा प्रकाश विखुरतो, रस्ता नीट दिसत नाही आणि समोरच्याचे डोळे दिपतात. म्हणून बल्ब बदलून घेताना झाकण घट्ट बसले का, हे प्रत्येकाने स्वतः पाहावे, आणि गाडी धुणाऱ्याला प्रेशरचा फवारा दिव्याच्या कडेवर जवळून मारू देऊ नये. भोक आधीच पाडलेले असेल तर दिवा पूर्ण वाळवून मगच ते बुजवून घ्यावे. सिलिकॉन लावायचे ते तेवढ्याच जागी, व्हेंट मोकळे ठेवून.

– एक वाहन इलेक्ट्रिशियन